शिंपीणबाईंच्या भिंतीवरची रेघ

३ तारीख, मंगळवार

पूर ओसरला, आता आम्हा पाहणीवाल्यांची धावपळ. विमा कंपनीला एवढंच हवं — पाणी किती चढलं, दुरुस्तीला किती लागेल. भिंतीवर मातकट रेघ राहते. जमिनीपासून रेघेपर्यंत टेप धरायचा, तेवढं प्लास्टर खरवडून नवं. झालं काम!

आज अख्खी गल्ली उरकली. नदीकडचं शेवटचं घर शिंपीणबाईंचं. चारी भिंतींवर रेघ कंबरेएवढी, सारखी. 'फक्त प्लास्टर' लिहून सही ठोकली. बाई दारापर्यंत आल्या. "मॅडम, सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. नणंदेकडे ठेवलंय, पण तिथं अडचणच. आणू का परत?"

म्हटलं, आणा की! खुशाल आणा.

११ तारीख

ऑफिसने लेझर दिलंय. तिपाईवर ठेवलं की चारी भिंतींवर लाल रेघ मारतं, एकदम सपाट. शिंपीणबाईंकडचे फोटो राहिले होते, तिथंच उद्घाटन केलं. आणि डोकंच फिरलं! पुढच्या भिंतीवर पाण्याची रेघ लालशी जुळते, मागच्या भिंतीवर चार बोटं खाली. पुन्हा टेप धरला — कंबरेएवढी, सगळीकडे सारखीच!

टेप खरा की लेझर?

बाई हसल्या. "नवंकोरं आणि आधीच बिघडलं? बरं, मागचं दार घासतंय हो हल्ली, तेही लिहा." लिहिलं — लाकूड पाण्याने फुगलं आहे.

१२ तारीख

साहेब म्हणाले, "टेप धर आणि मोकळी हो. यंत्राशी कसली भांडतेस?" बरोबरच आहे म्हणा. पण मन खातंच आहे.

१३ तारीख

गवंडी सपाटी बघायला वापरतात ती पाण्याची नळी मागून आणली, घरीच लेझर तिच्याशी ताडून पाहिलं. नवरा म्हणे, "आता आमचंही नुकसान मोजणार का?" गप्प बस म्हटलं.

लेझर बरोबर. टेपही बरोबर. म्हणजे वेडी मीच!

१४ तारीख, सकाळी

कप घासायला घेतला. आत कालच्या चहाची वाळलेली रेघ. कप कलता केला तर रेघही कलली.

अगं बाई!

पाणी कधी तिरकं उभं राहतं का? पुरात ती रेघ सपाटच उमटली. नंतर घर कललं! मागची बाजू खचली, भिंत आणि जमीन बरोबरच खाली गेली — आणि मी शहाणी, त्याच जमिनीपासून मोजतेय! दार फुगलेलं नाही. चौकट वाकडी झालीय.

फोन लावला. बाई, बाहेर पडा, आत्ताच्या आत्ता!

"अहो, सासूबाईंना एकटी कशी काढू? कालच आणलंय. तुम्हीच म्हणालात ना!"

१४ तारीख, संध्याकाळी

नवरा, मी, बाई आणि शेजारची बाई — चौघांनी सासूबाईंना खाटेसकट रस्त्यावर आणलं. म्हातारी माझ्याकडे बघून म्हणते, "कोण गं तू? केवढी घाई तुला!"

दुपारी मागची भिंत बसली. शिलाई मशीन गाडलं गेलं. बाई रडल्या नाहीत, सासूबाईंचे पाय चेपत राहिल्या. मी मात्र रडले.

आत्ताच, जेवताना

घास हातातच राहिला. खाट टेकवताना ती शेजारची बाई सहज बोलून गेली होती, "आमचंही दार घासतंय हल्ली."

निघाले.