तुकिरच्या गाडीवरची पिशवी

सुराबाया,
१२ जानेवारी

ती. बापाक यांस,
गुडघ्यांशी वाकून सलाम. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून लिहिते आहे. इकडे सगळे ठीक. धाकटीचा दात पडला.

आपल्या गल्लीतल्या बू हार्तींचा फोन आला होता. गल्लीचा कचरा त्याच बघतात, हे तुम्हाला माहीत आहेच. त्या म्हणाल्या, तुमचा डबा रोज शिगोशीग भरतो. सडलेली कांगकुंगची भाजी, आंबलेलं टोफू, सोयाबीनचा टेंपे, बांधलेलं पानही न सोडलेला. माश्यांनी शेजारी हैराण आहेत. इबू गेल्यानंतर चाळिसाव्या दिवसाच्या विधीला मी आले होते तेव्हा फ्रीज रिकामा होता. मग हे एवढं येतं कुठून? आयुष्यात कधी कोथिंबिरीची काडी आणली नाहीत, आणि आता बायकांच्या घोळक्यात उभे राहून भाजी घेता म्हणे.

बापाक, खरेदीला जाण्याआधी फ्रीज उघडून बघावा. आहे ते आधी संपवावं. एका माणसाला किती लागतं ते धरूनच घ्यावं. शंभराव्या दिवसापर्यंत हे थांबलं नाही, तर घराला कुलूप लावून मी तुम्हाला इकडे घेऊन येणार आहे. तुमचे जावईही तेच म्हणतात. रागावू नका.

लोभ कमी होऊ देऊ नये.
तुमची मुर्तिनी

योग्याकार्ता,
१८ जानेवारी

चि. मुर्तिनीस,
अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं.

मी खरेदी करत नाही. तुकिर भाजीवाला सकाळी साडेसहाला गाडी घेऊन येतो. भातकापणीसाठी तो दोन महिने गावी गेला होता, तुझी आई गेली तेव्हा इथे नव्हता. आल्यावर पहिल्याच दिवशी मी दारात दिसलो, तर त्याने विचारलं, इबू बऱ्या आहेत ना. मी म्हणालो, बऱ्या आहेत.

सकाळी सकाळी कुणी विचारलं की आपण बरं आहे असंच म्हणतो, तसं ते तोंडून गेलं. तिथे पाच-सहा बायका होत्या, बू हार्तीही होत्या. मला खोटं पाडायला नको म्हणून सगळ्या मिरच्या निवडत राहिल्या. तुकिरने तुझ्या आईची नेहमीची पिशवी भरून माझ्या हातात दिली. दोन टेंपे, टोफू, कांगकुंगची जुडी, मूठभर तिखट मिरच्या. तेव्हापासून तो रोज देतो आणि मी रोज घेतो. मला भात आणि अंडं एवढंच करता येतं. बाकीचं तिसऱ्या दिवशी टाकतो. टाकताना काही वाटत नाही. कशानेच काही वाटत नाही सध्या.

घर मात्र सोडायला लावू नकोस. तुझी आई याच घरातून गेली. मला दुसरीकडे उठून बसता येणार नाही.

नातवंडांना पापे.
बापाक

सुराबाया,
२४ जानेवारी

ती. बापाक यांस,
सलाम.

तुमचं पत्र मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच वाचलं, दोनदा. रागावण्यासारखं काही नाही. तिकडच्या बायकांचा मात्र राग आला. सभ्यपणाची पण काही हद्द असते.

बू हार्तींना सांगू का, तुकिरच्या कानावर घालायला? तुमचे जावई म्हणतात, तसं नको, बापाकांनाच सांगू दे. मलाही तेच पटतं. घर सोडायचं नसेल, तर हे एक वाक्य तुम्हालाच म्हणावं लागेल. लवकर म्हणा. शंभराव्याला मी येतेच आहे, तोवर जपा.

तुमची मुर्तिनी

योग्याकार्ता,
४ फेब्रुवारी

चि. मुर्तिनीस,
आशीर्वाद.

सांगितलं. गेल्या मंगळवारी तो पिशवी भरत होता, तेव्हा म्हणालो, अर्धंच दे, एकट्यापुरतं. तो हसला आणि म्हणाला, इबू माहेरी गेल्या वाटतं, मग मजा आहे बापाक तुमची. मी म्हणालो, ती नोव्हेंबरात वारली. बायका खाली बघत राहिल्या. तुकिरने पिशवीतून एक टेंपे काढला, टोफू काढलं, जुडी सोडून निम्मी भाजी परत ठेवली. शेवटी मिरच्या काढल्या. मी तिखट खात नाही, हे तिनेच त्याला कधीतरी सांगितलं असावं. तो एकेक वस्तू काढत होता आणि आम्ही सगळे बघत उभे होतो.

आता मी आधी फ्रीज बघतो. टेंपे तळायला शिकलो. पहिल्या दिवशी करपला, तरी खाल्ला. डबा जवळजवळ रिकामा असतो. काल बू हार्तींनी सगळ्यांसमोर माझं उदाहरण दिलं, की पुरुषमाणूस असून बघा, यांच्या घरी काही वाया जात नाही.

खरं आहे ते. पण पोरी, इतके दिवस मी जे टाकत होतो तो तिचा वाटा होता. आता तिचा वाटा कुणी काढतच नाही.

मला न्यायला येऊ नकोस, शंभराव्याला ये. स्वयंपाक किती जणांचा करायचा ते तूच ठरव, मला आता मोजायचं नाही.

माया असू दे.
बापाक