बाबांचं मुंडासं

फुनाबोरी, तोक्यो
५ नोव्हेंबर

प्रिय लीले,

गावदेवाच्या कृपेने आम्ही सगळे बरे आहोत. फोनच केला असता, पण बाबांचं नाव काढलं की तू फोन ठेवतेस. पत्र निदान अर्धं तरी वाचशील.

पियुष सकाळी ऑफिसला जातो तो रात्रीच येतो. सूनबाई मिताली अर्धवेळ कामाला जाते. मी नातीला, तन्वीला सांभाळते, पूजा करते, कचरा वेगवेगळा करते, रोजचा खर्च लिहून ठेवते. इथले लोक मुळ्याचा पाला टाकून देतात, मी त्याची भाजी करते. मिताली हसते आणि दोनदा वाढून घेते.

दिवाळीआधी टीव्हीवर अमेरिकेची बातमी लागली. तिथल्या सरकारने आदिवासींची मुलं घरातून नेऊन निवासी शाळांत ठेवली होती. केस कापले, आपली भाषा बोलली की मारलं. कितीतरी मुलं परत घरी गेलीच नाहीत. त्याची आता तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी माफी मागितली. मितालीने मला सगळं मराठीत सांगितलं. इथे एखाद्या कंपनीत घोटाळा झाला की मोठे साहेब रांगेत उभे राहून कमरेतून वाकतात, तन्वीने ते पुष्कळदा पाहिलंय. ती जपानीत विचारत होती, हे आजोबा वाकत का नाहीत? मिताली म्हणाली, अगं, तिकडे तशी पद्धत नाही. मला वाटलं, आता रडू येईल. आलं नाही. उठले आणि तांदूळ धुतले.

आपल्या आश्रमशाळेत पहिल्याच दिवशी न्हावी बसवला होता. आपली बोली तोंडातून निघाली की रेक्टर म्हणायचे, जंगलातलं जंगलात ठेवा. मी ठेवलं, मॅट्रिक झाले. तू नाही ठेवलंस. डोंगर ओलांडून घरी पळालीस आणि दुसऱ्या दिवशी बाबांनी तुला परत आणलं. अंगणात सगळ्यांसमोर रेक्टरनी तुला मारलं. बाबा हात जोडून म्हणत होते, मारा साहेब, पण पोरीला शाळेतून काढू नका. मी जेवणाच्या रांगेत ताट धरून उभी होते. तुझा उजवा कान गेला तो त्याच दिवशी.

ती बातमी मी बाबांना फोनवर सांगितली. का सांगितली, ठाऊक नाही. ते म्हणाले, आपला रेक्टर कुठे असतो आता? मी म्हटलं, तो कधीच वारला. तर म्हणाले, मग मीच उरलो.

आपल्याकडची रीत तू विसरली नसशील. ज्याचं चुकलं त्याने गावदेवासमोर मुंडासं काढून दुसऱ्याच्या पायाशी ठेवायचं. त्या दुसऱ्याने उचलून परत डोक्यावर ठेवलं तर मिटलं. नाही तर माणूस जन्मभर उघड्या डोक्याने फिरतो. बाबांना शिमग्याला, सगळ्या गावासमोर, ते तुझ्या पायाशी ठेवायचंय. डॉक्टर म्हणतात, शिमग्यापर्यंत तरी काढतील. मी विचारलं, बाबा, तिने नाही उचललं तर? म्हणाले, तर थंडी वाजेल. उचल, असं सांगायला मी लिहीत नाही. तुझ्या जागी मी असते तर उचललं असतं की नाही, मलाही सांगता येत नाही. पण रविवारी फोन केला की ते विचारतात, लीला येणार का, आणि मी टीव्हीचा आवाज मोठा आहे, ऐकू येत नाही म्हणते. आता या रविवारी काय सांगू, तेवढं कळव.

तुझीच,
रेखाताई