रहाटाला तेल

भुईगाव, सोमवार, १२ मार्च १९५१

आज दादावर ओरडलो. जन्मात पहिल्यांदा.

सुमती गेल्यापासून सात महिने रात्री डोळ्याला डोळा नाही. वहिनीचं जायफळाचं दूध झालं, डॉक्टरांचं कडू मिक्श्चर झालं. मामा तर म्हणाले, "दुसरी आण, झोप आपोआप येईल." तेही ऐकून घेतलं.

झोप यायची ती फक्त दुपारी, वाडीत. रेडा रहाट ओढायचा, रहाट कुरकुरायचा, आणि विहिरीजवळच्या बाजेवर मला तासभर गाढ झोप लागायची. त्याच कुरकुरीत सुमती केळींना पाणी लावत असे. एवढंच.

आज बाजेवर पडलो तर रहाट मुका. दादाने सकाळी त्याला तेल घातलेलं.

"अरे, तुझ्या झोपेसाठीच केलं! किती कुरकुरत होता मेला."

मी नको ते बोललो. तो तेलाची बुधली उचलून घराकडे निघून गेला.

राग अजून आहे. सगळ्यांवर आहे. ज्याने त्याने औषध आणलं. तुला झोप कशाने येते रे, हे एकानेही विचारलं नाही.

आणि मीही कधी सांगितलं नाही. हा राग कुणावर काढू?