छोटा डी, मोठा डी

३ फेब्रुवारी
साध्या बारकोडला अंक, मोठी इंग्रजी अक्षरं आणि सात खुणा एवढंच येतं. छोटं अक्षर त्याला ठाऊकच नाही. विस्तारित बारकोडच्या रेघा त्याच, फक्त युक्ती निराळी — छोटा डी हवा असेल तर आधी अधिकची खूण, मागोमाग मोठा डी. वाचणाऱ्या यंत्राला हे सांगून ठेवावं लागतं. नाहीतर ते बापडं ‘अधिक, मोठा डी’ असंच दाखवतं. एका अक्षराला दोघांची जागा, म्हणून पट्टी लांबते.

आमच्या प्रयोगशाळेत नमुन्याचा नंबर म्हणजे तारीख आणि एक अक्षर. दिवसाचे नमुने सव्वीसच्या वर जाऊ लागले, मोठी अक्षरं पुरेनात, म्हणून ही उठाठेव. बावन्न लेबलं छापून एकेक वाचून पाहिलं. सगळी बरोबर! दहावी नापास माणसाने केलंय, पण चोख केलंय.

१७ फेब्रुवारी
ताईच्या छातीतल्या गाठीचा तुकडा आज आमच्याकडेच आला. लेबल मीच छापलं, मीच बाटलीला लावलं. सतरा, छोटा डी. अगदी सरळ लागलं.

ताई बाहेर बाकावर. “चिकट्या, नीट चिकटव रे. नाहीतर मला दिवस गेलेत म्हणून सांगतील.”

२१ फेब्रुवारी
वाईट आलं.

२२ फेब्रुवारी
आई घासलेलीच भांडी पुन्हा घासते आहे. ताईने दोन्ही मुलींचे केस कापून आणले. “नंतर रोज वेण्या घालायला कोण बसणार आहे?” भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाली.

२५ फेब्रुवारी
नोंदणीच्या टेबलावरचं वाचायचं यंत्र नवं आहे! जुनं बिघडलं म्हणून दहा तारखेलाच बदललं. मला कोणी बोललं नाही.

नोंदणीच्या बाई चहा पीत होत्या. “अरे, ते मेलं सारखं अधिक-अधिक दाखवायचं. डोक्याला ताप. संगणकवाल्याला सांगून तो अधिकच काढून टाकला.”

म्हणजे यंत्र साध्यावरच राहिलं. अधिक गेला की छोटा डी आणि मोठा डी एकच.

विचारलं, मग एका नंबरावर दोन निकाल येत असतील?

“येतात की. एक रक्ताचा, एक लघवीचा, कळतं आपलं. सतराला तेवढं अडलं. डीवर दोन, दोघी बायका, दोघींचा छातीचाच तुकडा. मग आधी आलेला निकाल मोठ्याला, नंतरचा छोट्याला लावला. काय करणार?”



२६ फेब्रुवारी
डॉक्टर मॅडमना लेखी दिलं. दोनदा वाचलं त्यांनी. “दोन्ही तुकडे पुन्हा तपासू. तोवर तोंड बंद.”

चूक होऊ नये म्हणून आजवर जिवाचा आटापिटा केला. आता हात जोडून बसलोय — चूक झालेली असू दे. मग ध्यानात येतं, मी काय मागतोय. मोठा डी म्हणजेही कोणीतरी बाईच. तिला चांगलं आलंय म्हणून सांगितलंय. मागणं थांबवतो. पाच मिनिटांनी पुन्हा तेच मागतो.

२८ फेब्रुवारी
ताई — “आजारी मी, आणि तोंड तुझं उतरलेलं. इकडे बघ की जरा.” नाही बघितलं.

१ मार्च
अदलाबदलच झाली होती. ताईचा तुकडा स्वच्छ आहे.

घरी सांगितलं. ताईने पाठीत धपाटा घातला, मग माझ्याच खांद्यावर डोकं ठेवून रडली. आई आठ दिवसांनी पोटभर जेवली. मला घास उतरला नाही.

मॅडमनी दुपारीच सांगितलं होतं — “त्या बाईंचा फोन लागत नाही. पाकीट देते, उद्या सकाळी तूच नेऊन दे. ताबडतोब मला येऊन भेटा, एवढंच लिहिलंय. बाकी मी बोलेन.” पाकिटावर लेबल लावायला त्यांनी माझ्याकडेच दिलं. सतरा, मोठा डी. या वेळी तिरकं लागलं.

२ मार्च
तिसरा मजला. दार त्यांनीच उघडलं. हातातलं पाकीट पाहून हसल्या. “अहो, आता आणखी कशाला? माझं तर सगळं चांगलं आलं. या, आत या. पाणी तरी घ्या.”