आठव्या लेव्हलचा पूल

९ जून १९९६, रविवार. सकाळी ६.१०

आजपासून पुन्हा रोजनिशी. जानेवारीतली चार तारखेला बंद पडली, पण दोष माझा नव्हता, त्या डायरीचा कागद पातळ होता. ही कारखान्याची आहे. जाड कागद, वर सोनेरी अक्षरं. हिच्यात लिहिलेलं पार पडतंच.

मुद्दा असा की काल कल्पनाचा दहावीचा निकाल लागला. भूगोल ८८, गणित ४१. बाईसाहेब म्हणतात, अकरावीला आर्ट्स घेणार. नकाशे काढायचे आहेत म्हणे. इन्स्पेक्शन खात्यातल्या सीनियर इंजिनियरची मुलगी आर्ट्सला! मी शांतपणे (वसुधाच्या मते ओरडून) सांगितलं की नियोजन असेल तर माणसाला काहीही जमतं.

कल्पना तेव्हा टीव्हीला जोडलेला व्हिडिओ गेम खेळत होती. श्याममामानं इंदूरहून आणलेला. खोक्यावर लिहिलंय ९९९ गेम, आत निघाले नऊ. ती म्हणाली, "बाबा, काही गोष्टी नाही जमत हो. हा आठव्या लेव्हलचा पूल बघा. दोन महिने झाले, मी पडतेच आहे."

मी म्हणालो, आण इकडे.

करार ठरला. २३ तारखेच्या संध्याकाळपर्यंत मी तो पूल ओलांडला तर ती गणित घेईल. नाही ओलांडला तर आर्ट्सच्या फॉर्मवर मी एक शब्द न बोलता सही करीन. वसुधा म्हणाली, अहो, पोरीचं आयुष्य आहे ते, रमीचा डाव नाही. बायकांना पैज आणि प्रयोग यातला फरक कळत नाही.

चौदा दिवस म्हणजे खूपच झाले. मुलीला वाईट वाटू नये म्हणून एवढे घेतले.

१० जून, सोमवार. संध्याकाळी ७.३०

पहिल्या लेव्हलच्या पहिल्या खड्ड्यात पडलो. नऊ वेळा. डावीकडचं बटण सैल आहे. दोष नोंदवून ठेवला.

गेममधल्या गड्याच्या डोक्यावर हेल्मेट आहे, हे बरं आहे. सेफ्टी बेल्ट नाही. अशा माणसाला कारखान्यात आमच्या शॉपमध्ये शिडीवरसुद्धा चढू देणार नाहीत.

१२ जून, बुधवार. सकाळी ५.४०

पद्धत चुकत होती. आधी ड्रॉइंग, मग काम. मोठ्या ग्राफ पेपरवर पहिल्या तीन लेव्हल उतरवल्या. खड्डे लाल, कासवासारखे प्राणी हिरवे. खाली बार चार्ट: लेव्हल १ ते ३, १३ तारखेपर्यंत. ४ ते ७, १७ पर्यंत. पूल १९ ला. पुढचे चार दिवस राखीव, ते लागणार नाहीत.

कल्पनानं चार्ट बघितला. लाल रंग जरा जास्त झालाय, एवढंच म्हणाली.

१३ जून, गुरुवार

दुसरी लेव्हल. चार्टच्या मागे आहे, पण फार नाही.

१४ जून, शुक्रवार

दुसरी लेव्हल.

१६ जून, रविवार. दुपारी ३.००

सकाळी सातपासून बसलो. वसुधानं पोहे टीव्हीसमोर आणून ठेवले, जेवण टीव्हीसमोर आणून ठेवलं, आणि आता ती माझ्याशी बोलत नाही. पण पुलापर्यंत पोचलो! मधल्या दोन लेव्हल कल्पनानं 'दाखवण्यासाठी' खेळून दिल्या. प्रात्यक्षिक होतं ते, मदत नव्हे.

पूल म्हणजे लोंबत्या फळ्या. पाय ठेवला की फळी हलते आणि दोन सेकंदांत खाली जाते. खाली लाव्हा. वरून एक पक्षी येतो. पोचलो तेव्हा गड्याचा एकच जीव उरला होता. दुसऱ्या फळीवर गेला.

पुलाच्या डिझाइनमध्येच गडबड आहे. मी असतो तर तो पास केला नसता.

१८ जून, मंगळवार. सकाळी ६.००

काल चौदा वेळा पडलो. कारणं: (१) व्होल्टेज, (२) बायफोकल चष्मा, पक्षी वरच्या काचेत आणि फळी खालच्या, (३) शेजारचे चौबेजी बाहेर स्कूटरला किक मारत होते.

कल्पना चहा घेऊन आली आणि शेजारी बसली. म्हणाली, बाबा, तुम्ही उडी मारताना स्वतःसुद्धा उडता. हसली नाही, प्रेमानं म्हणाली. त्याचाच मला राग आला.

ती हल्ली आपल्या टाउनशिपचा नकाशा करते आहे. पिपलानीचा बाजार, सेक्टर, शाळा, कारखान्याची गेटं. प्रत्येक झाड म्हणे जिथल्या तिथं. जमिनीवर पालथी पडून रंगवते आणि गुणगुणते. एवढी खुशीत असायचं कारण काय? मी हरणार असं धरून चालली आहे.

२० जून, गुरुवार

दुपारी शॉपमध्ये क्रेन ऑपरेटर नीळकंठ गावंडे यांना काम करताना बघत उभा राहिलो. मूळचे बुऱ्हाणपूरचे, रिटायरमेंटला तीन वर्षं. चाळीस टनांचा रोटर असा खाली ठेवतात, जसं कुणी झोपलेलं मूल अंथरुणावर ठेवावं. लिव्हरवर फक्त दोन बोटं.

सहज, अगदी तात्त्विक पातळीवर विचारलं की हलणाऱ्या वस्तूवर नेम कसा धरता. म्हणाले, "साहेब, लोड झुलत असला ना, तर मी लिव्हरला हातच नाही लावत. त्याला झुलू देतो. आपण नाही घबरायचं."

घरी येऊन तसं केलं. घाबरलो नाही. पडलो.

२२ जून, शनिवार. संध्याकाळी ६.४५

स्थिती: पुलावर एकूण एकसष्ट प्रयत्न. सर्वात लांब मजल, चौथी फळी. फळ्या अकरा आहेत.

शांत डोक्यानं विचार केला. आमच्या खात्यात वेल्डिंग मी करत नाही, मशीनिंग मी करत नाही. ते शॉपवाले करतात. मी उभा राहतो, तपासतो, सही करतो. रिपोर्टवर नाव माझं असतं आणि ते बरोबरच असतं. अठरा वर्षांत कुणी हरकत घेतलेली नाही. मग एका गेमला वेगळा नियम का? पूल माझ्या देखरेखीखाली ओलांडला गेला म्हणजे झालं.

उद्या वसुधा आणि कल्पना शहरात चार इमलीला इंदुमतीमावशींकडे सत्यनारायणाला जाणार आहेत. मला पोटात बरं वाटणार नाही.

२३ जून, रविवार. सकाळी १०.१५

पोटात बरं नाही. दोघी गेल्या. जाताना कल्पनानं ओव्याची पुडी काढून ठेवली आणि कपाळाला हात लावून पाहिला.

दुपारी ३.२०

नीळकंठराव बाराला आले. स्वच्छ बुशशर्ट, केसांना तेल. साहेबांनी रविवारी घरी बोलावलं म्हणजे जेवण असेल असं समजून घरून पेढे घेऊन आले होते. मी त्यांना गेमचा रिमोट दिला.

व्हिडिओ गेम त्यांनी जन्मात हातात धरला नव्हता. पाऊण तास पहिल्या लेव्हलमध्ये नुसते उभे राहून बटणं समजून घेतली. मग निघाले. दोन बोटांनी. घाई नाही, उडणं नाही. पुलावर पोचले तेव्हा पाच जीव शिल्लक. फळी हलली, ते थांबले. पक्षी आला, गेला. अकरा फळ्या. पलीकडे एक झेंडा आहे. मला माहीत नव्हतं.

माझ्या सूचनेनुसार पॉज केलं. या यंत्रात काही साठवून ठेवता येत नाही, त्यामुळे ते चालूच ठेवावं लागणार. मी म्हणालो, हे कुणाला सांगायचं नाही, मुलीला मीच केलं म्हणून दाखवायचं आहे, म्हणजे ती अकरावीला गणित घेईल. नीळकंठरावांनी रिमोट खाली ठेवला. मग म्हणाले, "साहेब, लेकीला खोटं सांगायचं होतं तर मला आधी बोलायचं ना. मी नसतो आलो."

पाणी पिऊन गेले. पेढे इथंच आहेत. कुठं ठेवू ते सुचेना, शेवटी मीच खाल्ले.

दुपारी ४.३०

अडॅप्टर तापून लाल व्हायचा तेवढा राहिलाय. ओला रुमाल ठेवला होता, मग आठवलं की मी इंजिनियर आहे. काढला. लाईट जाऊ नये म्हणून देवाला हात जोडले. देव अशा कामात मदत करत नसावा असं वाटलं, पण लाईट गेली नाही.

संध्याकाळी ७.००

दाखवलं.

कल्पना चप्पल न काढता टीव्हीसमोर उभी राहिली. बराच वेळ बघत होती. वाटलं, रडेल किंवा भांडेल. दोन्हीची उत्तरं तयार होती. ती म्हणाली, "ठीक आहे बाबा." आणि आत गेली.

वसुधानं प्रसाद हातावर ठेवला. माझ्याकडे न बघता ठेवला.

जिंकलो. नियोजन.

२५ जून, मंगळवार

फॉर्म भरला. फिजिक्स, केमिस्ट्री, गणित. अक्षर सुंदर आहे पोरीचं. मी सही केली. पेन नीट चालत नव्हतं.

२७ जून, गुरुवार

शॉपमध्ये नीळकंठरावांनी क्रेनवरून खाली उतरून विचारलं, ताईंनी काय घेतलं? मी म्हणालो, तिच्या इच्छेनं गणित. ते म्हणाले, अच्छा. परत वर चढले. पन्नास फूट शिडी आहे ती. एवढ्यासाठी खाली उतरले होते.

आता मी त्या बाजूनं जात नाही. दुसऱ्या गेटनं लांब पडतं, पण चालणं तब्येतीला चांगलं.

२९ जून, शनिवार. सकाळी ६.३०

कल्पना पाचला उठून गणिताचं पुस्तक घेऊन बसते. मी न सांगता. काल एक उदाहरण विचारायला आली. मी समजावलं. तिनं मान हलवली. पुन्हा तेच चुकवलं. पुन्हा समजावलं. "मीच नीट लक्ष देत नाही बाबा, तुम्ही करू शकता तर मलाही जमेल," असं म्हणाली.

नकाशा गुंडाळून कपाटावर ठेवलाय. कारखान्याच्या पुढे रंगवलेला नाही.

मला लाज वाटते असं नव्हे. पण जेवताना ताटातच बघतो. वसुधा दोनदा म्हणाली, अहो, तिकडं काय सापडतंय?

ठराव: उद्या सांगून टाकायचं. तीन मुद्दे. एक, प्रसंगाची पार्श्वभूमी. दोन, खात्यातली प्रचलित पद्धत. तीन, खेद.

३० जून, रविवार. दुपारी १२.१०

पहिल्याच मुद्द्यावर ती म्हणाली, "मला माहीत आहे, बाबा."

कधीपासून? तर चप्पल घालून उभी होती तेव्हापासून. म्हणाली, "तुम्ही पुलाशी पोचता तेव्हा तुमच्याकडे एकच जीव असतो. तिथं पाच दिसत होते."

मी विचारलं, मग बोलली का नाहीस? गणित का घेतलंस?

ती पुस्तकाला कव्हर घालत होती. कागदाची घडी बोटानं दाबत म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला एवढं खोटं बोलावं लागलं म्हणजे तुम्हाला ते किती हवं असेल. मग म्हटलं, घेऊ."

दुसरा आणि तिसरा मुद्दा राहिला. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि बराच वेळ उभा राहिलो. लाज वाटली. शरमेनं मेल्यासारखं झालं. हे लिहिताना कुणी बघत नाही म्हणून लिहितो.

वसुधा दाराशी येऊन म्हणाली, पाणी वाया घालवू नका, एकच वेळ येतं.

२ जुलै, मंगळवार. दुपारी २.००

अर्धी रजा टाकून कल्पनाला घेऊन शाळेत गेलो. विषय बदलायचा फॉर्म वेगळा असतो. त्यात एक रकाना आहे, 'विषय बदलने का कारण'. मी हिंदीत लिहिलं, 'पिता की ज़िद और पिता का झूठ'. आयुष्यात पहिल्यांदा एका रिपोर्टवर खरा दोष लिहिला असं वाटलं. छाती जरा भरून आली.

क्लार्कनं दोनदा वाचलं. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "अरे साब, बच्ची की फ़ाइल है, इसमें ये सब नहीं लिखते. निजी कारण लिखिए." आणि कोरा फॉर्म पुढे सरकवला.

निजी कारण लिहिलं. विषयांच्या रकान्याशी थांबलो. भूगोल आणि इतिहास हे दोन ठाऊक होते. तिसरा आणि चौथा तिला काय हवाय ते मी कधी विचारलंच नव्हतं. कल्पनानं माझ्या हातातून पेन घेतलं आणि बाकीचा फॉर्म तिनं भरला. मी सही केली.

क्लार्क शिक्का मारता मारता मला म्हणाला, "पक्का है ना? साब, फिर से तो कुछ नहीं करेंगे?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात कल्पना म्हणाली, "नहीं सर. ये अब कुछ नहीं करेंगे."

मी मान हलवली.