गॉर्डन यांचा होमरन

व्हिटबी, मंगळवार संध्याकाळ

१. प्रदर्शनासाठी गावच्या बेसबॉल संघाची जुनी स्कोअरबुकं स्कॅन करताना आज माझे घरमालक गॉर्डन यांच्या कारकिर्दीतला एकमेव होमरन, म्हणजे बेसबॉलमधला षटकार, सापडला.
२. तो सामना चौथ्या इनिंगमध्येच पावसामुळे रद्द झाला होता. पाच इनिंग झाल्या नाहीत तर सामनाच धरत नाहीत, म्हणजे होमरनही नाही.
३. हे मी त्यांना जेवताना सांगितलं.

तेव्हापासून ते गॅरेजमध्ये आहेत. त्यांच्या बायकोने, डोरीनने, मला आपणहून ॲपल पायचा दुसरा तुकडा वाढला. म्हणाली, "पन्नास वर्षं या होमरनची गोष्ट ऐकतेय गं. तू एका वाक्यात संपवलंस."

नोंद बरोबरच आहे. पण जेवताना कशाला सांगितलं मी?

गॅरेजच्या दाराखालून चिठ्ठी सरकवली: "गॉर्डन, प्रदर्शनातल्या फलकावर 'होमरन मारला. नंतर पाऊस आला.' असं लिहिते. दोन्ही वाक्यं खरी आहेत. चालेल का, ते शुक्रवारपर्यंत कळवा."