सव्वाअकराला भट्टी कोण धरतं

३ मार्च, सोमवार
अंबडच्या कारखान्यात आज रुजू झाले. मनमाडची पोरगी सर्व्हर सांभाळणार म्हटल्यावर आईने गल्लीभर पेढे वाटले, जणू मी अख्खं जंक्शनच चालवणार! इथे लोखंडी कपाटं रंगवून खोलीएवढ्या भट्टीत भाजतात. भट्टी झाडायला माणूस आत शिरला की दाराशेजारच्या संगणकावर त्याचं नाव लिहायचं. नाव आहे तोवर भट्टी पेटत नाही. ही नोंदवही लिनक्सच्या सर्व्हरवर आहे आणि पाच विंडोज संगणक ती एकदमच उघडून बसतात, त्यामुळे सगळं गोगलगायीच्या चालीने. भट्टी चालवणारे धनराजभाऊ पेठकडचे. ते पलीकडच्या खोलीतून कळ दाबतात, तेव्हा दार लागतं आणि भट्टी पेटते. त्यांनी मला डब्यातली नागलीची भाकरी दिली. गोड माणूस.

४ मार्च, मंगळवार
मंदपणाचं कारण सापडलं. प्रत्येक संगणकाने फाइलची प्रत स्वतःजवळ ठेवून झटपट काम करायची सोय माझ्या आधीच्या माणसाने बंद केली होती. वर शेरा: चालू करू नये. का, ते लिहिलेलं नाही. मी चालू केली, सगळ्यांना संगणक एकदा बंद-चालू करायला लावले, आणि काय सांगू, सगळं पळायला लागलं. साहेब खूश. मला तर स्वर्ग दोन बोटं उरला.

५ मार्च
एक विचित्र प्रकार. बरोबर सव्वाअकराला भट्टीची नोंद कोणीतरी धरून ठेवतं. पाच मिनिटं कोणालाच बदलता येत नाही, भट्टीही पेटत नाही. सर्व्हरच्या यादीत धरणाऱ्या संगणकाचं नाव दिसतं: भट्टी-३. तो तर भंगारात पडलाय. मी जाऊन उघडला. आत डिस्कच नाही, मुंग्यांनी घर केलंय. दुसरा कोणी ते नाव वापरत असणार. मी त्या नावाला सर्व्हरवर मज्जाव केला.

६ मार्च
सव्वाअकरापासून भट्टी-३ आत यायला धडपडतोय. आधी मिनिटाला एकदा, मग सेकंदाला. नकाराच्या नोंदींची पानंच्या पानं. केबल एकेक काढून पाहिल्या. थांबेना. मलाही एका जागी बसवेना.

७ मार्च
मी भट्टी-३ ला मज्जाव केल्याचं कळल्यापासून भट्टी झाडणारी शकुबाई आत जायला नाही म्हणते. सगळं तिनेच सांगितलं. दोन वर्षांपूर्वी सव्वाअकराला तिचा भाऊ सहादू आत होता. नाव लिहिलेलं होतं. पण धनराजभाऊंच्या संगणकाकडे जुनी प्रत होती, पडद्यावर भट्टी रिकामी दिसली. त्यांनी कळ दाबली. म्हणून ती सोय बंद होती. आणि मी —
सहादू नाव लिहायचा तो संगणक भट्टी-३. शकुबाई म्हणाली, तवापासून तोच भट्टी धरतो, कोनाचं वाईट नाय करत.
सोय ताबडतोब बंद केली. पण त्याचा मज्जाव काढायला हात धजेना. मेलेल्या माणसाला दार उघडून द्यायचं? मला भीती वाटते. लपवत नाही.

८ मार्च
सोय बंद केलीय, आता धोका नाही, असं सांगूनही शकुबाई हटून बसलीय. झाडलं नाही तर तिला कामावरून काढतील, तेही माझ्यामुळे. म्हणाली, येवढी खात्री हाय तर तुमीच जाऊन दाखवा. जाते. नाव स्वतः लिहिलं. धनराजभाऊंना सांगितलं नाही. सांगितलं तर चाचणी कसली?

११.१० — आतून लिहितेय. वेळा टिपायला वही घेतलीय. दार उघडं. शकुबाई दाराशी.

११.१३ — शकुबाई म्हणते, धनराजभाऊ संगणक कधी बंदच करत नाहीत. मंगळवारी मीच करायला लावले होते. काल मी ते सांगायला विसरले. त्याशिवाय बदल लागू होत — म्हणजे त्यांच्याकडे अजून जुनीच —

दार लागलं. शकुबाई बाहेरून दाराच्या काचेवर हात आपटतेय. ऐकू येत नाही. पंखे —

सव्वाअकरा. सहादूदादा, धर. माझं नाव धर. मीच तुला अडवलं, मीच —